ताईच्या हौदातले गप्पी मासे

धाकटी आरोग्य खात्यात होती. झाकणाच्या बादलीत गप्पी मासे घेऊन दारोदार हिंडायचं आणि लोकांच्या हौदांत ते सोडायचे, हे तिचं काम. हे मासे डासांच्या अळ्या फस्त करतात, हे सांगून सांगून तिचा घसा बसायचा. "आल्या मासेवाल्या बाई," म्हणून लोक हसायचे, पण हौद उघडून द्यायचे.

तिच्या सख्ख्या बहिणीचाच हौद तेवढा राहिला होता. ताईचं घर अगदी शेवटच्या गल्लीत. दोनदा तिथवर पोचेपर्यंत बादली रिकामी झाली.

"घरचंच तर काम आहे, पुढच्या खेपेला बघू," धाकटी म्हणाली. ताईनंही मनावर घेतलं नाही.

पुढच्या खेपेआधीच भाचीला ताप भरला. सात वर्षांची पोर. डेंग्यू निघाला. पाचव्या दिवशी ती गेली.

पंधरा दिवसांनी धाकटी बादली घेऊन दारात उभी राहिली. भाऊजींनी दार उघडलं आणि ते बाजूला झाले. तिनं हौदाचं झाकण सरकवलं. पाण्यात अळ्या वळवळत होत्या. तिनं बादली कलती केली.

मागे ताई येऊन उभी होती. "किती आहेत?"

"वीस. वाढतील. अंडी नाही घालत हे, जिवंत पिल्लंच होतात."

"आणि पिल्लांना सांभाळतात?"

धाकटीला खोटं बोलवेना. "नाही गं. समोर आली तर खातातसुद्धा."

ताई पाण्याकडे बघत म्हणाली, "सगळ्या गावाला पुरले तुझे मासे. माझ्याच दारात यायला संपले."

"ताई, माझं चुकलं."

"हो. चुकलं."

त्यानंतर ताईनं बोलणंच टाकलं. धाकटी दर आठवड्याला हौद बघून मुकाट्यानं परत जायची.

चार महिन्यांनी एकदा ती गेली, तर ताई बरणी घेऊन तयार होती. बरणीत नखाएवढी पिल्लं, एकेक गाळणीनं वेचून वेगळी काढलेली.

"मागच्या बांधकामावरच्या टाक्यात पाणी साठलंय," ताई म्हणाली. "चल."

दोघी निघाल्या. टाक्याजवळ एक मजूर बाई कडेवर पोर घेऊन उभी होती. ताईनं तिकडे पाहिलं नाही. खाली वाकून तिनं बरणी पाण्यात उपडी केली आणि धाकटीसाठी न थांबता एकटीच घराकडे चालू लागली.