शेपटीला गॅस लागत नाही

आकडा दुपारच्या आत जायचा असतो. उद्या शहराला किती गॅस लागेल, तो आकडा. मोठ्या पाइपलाइनवाल्यांना तो कळवला की ते तेवढाच गॅस सोडतात. कमी कळवला तर लोक गारठतात, जास्त कळवला तर गॅस पाइपात पडून राहतो आणि वरून दंड बसतो. हा आकडा पाठवणाऱ्या बाईला कंपनीत सगळे अंदाजवाली म्हणत. तिच्या टेबलावरच्या पाटीवर लिहिलेलं पद इतकं लांबलचक होतं की तिच्या सख्ख्या आत्यालाही ते एका दमात म्हणता आलं नाही. आत्याचा दम तसाही तोकडाच होता.

आकडा खरं तर ती काढत नसे, मॉडेल काढायचं. मॉडेल म्हणजे काही देव नव्हे. उद्याचं तापमान, वार, सुट्टी आहे की नाही, आणि मागच्या काही वर्षांत अशा दिवशी कुठल्या वस्तीने किती गॅस जाळला, एवढं त्याच्या पोटात घालायचं. ते गणित करून एकेका वस्तीपुढे आकडा ठेवतं. थंडी वाढली की आकडा वाढतो, हे शेंबड्या पोरालाही कळेल. फक्त एका वस्तीचा आकडा थंडी वाढली की खाली यायचा.

ती वस्ती नकाशात सगळ्यात शेवटी, पाइप जिथे संपतो तिथे. ऑफिसात तिला शेपूट म्हणत. अंदाजवालीची आत्या त्या शेपटीत राहायची.

या उलट्या गणिताची सुरुवात साधी होती. काही वर्षांपूर्वी ऐन कडाक्यात मोठ्या पाइपलाइनमध्ये बिघाड झाला, गॅस अपुरा पडला, आणि ज्यांचा आवाज वरपर्यंत पोचत नाही त्यांचा तोडला. शेपटीतला दाब पडला, शेगड्या विझल्या, मीटरवर वापर कमी दिसला. मॉडेल निमूटपणे शिकलं, की थंडीत या लोकांना गॅस लागत नाही. पुढच्या थंडीत त्याने शेपटीचा आकडा कमी धरला. म्हणून गॅस कमी सोडला गेला, म्हणून कमी जळला, म्हणून अंदाज तंतोतंत खरा ठरला. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी कमी, आणि आणखी खरा. ज्याला मिळालं नाही त्याने मागितलंच नाही, असं धरून चालणारं हे यंत्र. अशी माणसंही असतात, पण त्यांना निदान तोंडावर शिव्या घालता येतात.

साहेबांच्या कपाटावर अचूक अंदाजासाठी मिळालेली ढाल होती. तिच्यावरची धूळ ते स्वतः पुसत, शिपायाला हात लावू देत नसत.

सुट्टीच्या दिवशी अंदाजवाली आत्याकडे गेली तेव्हा हवा बरी होती. निळी ज्योत भुरभुर करत शेगडी चालू होती आणि आत्या तिच्यापुढे पाय पसरून बसली होती. मागच्या थंडीत आत्या दवाखान्यात पडून आली होती. छातीत कफ साठला, श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. खोली उबदार ठेवा, धुरापासून लांब राहा, पुन्हा असं झालं तर जड जाईल, असं डॉक्टरने घरी सोडताना बजावलं होतं.

"पुढच्या आठवड्यात मोठी थंडी येतेय," अंदाजवाली म्हणाली. "माझ्याकडे चल."

"चौथ्या मजल्यावर? लिफ्ट बसवलीत का तुम्ही?"

"मी धरून नेईन."

"अर्ध्या जिन्यात मी बसले तर तू काय करशील? खाली सोडशील की वर ओढशील, आधी तेवढं ठरव, मग बोलव."

"मग इथे गार पडशील."

"पडेन. अगं, तू त्या कंपनीत एवढी बसतेस, तुझ्या मशीनला सांग ना, माझी आत्या म्हातारी आहे म्हणून."

"मशीनला सांगता येत नाही आत्या. त्याला फक्त आकडे कळतात."

"मग आकड्यात सांग. तुला शाळेत कशाला घातलं मी, वेणी घालून घालून?"

ते खरं होतं. आई गेल्यावर अंदाजवालीची वेणी आत्यानेच घातली होती, गणिताच्या शिकवणीला आत्यानेच पाठवलं होतं. निघताना अंदाजवाली म्हणून गेली, "यंदा गॅस येईल. मी बघते." आत्याने नुसती मान हलवली. नेता मत मागायला दारात येतो तेव्हा हलवतात, तशी.

थंडीची सूचना आली त्या सकाळी मॉडेलने आकडे टाकले. सगळ्या वस्त्या वर, शेपूट खाली. अंदाजवाली कागद घेऊन साहेबांसमोर उभी राहिली.

"साहेब, हे चुकीचं आहे. तिथे गॅस लागत नाही असं नाही, तिथे पोचत नाही."

"पुरावा?"

"दाब शेवटच्या घरापाशी मोजा. आपण मोजतो वस्तीच्या तोंडाशी, तिथे तो बरा दिसतो."

"शेवटच्या घरापाशी यंत्र कुठंय?"

"नाहीये. तीन वर्षं मागतेय."

"मग पुरावा नाही." साहेब तसे वाईट नव्हते. वाईट असते तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. ते खुर्चीत मागे रेलले. "हे बघ, शेपटीचा आकडा चुकीचा असता तर आपला अंदाज दरवर्षी चुकला नसता का? तो बरोबर येतोय. ते लोक काटक आहेत. लाकूडफाटा जाळत असतील."

"गॅस नाही म्हणून जाळतात."

"किंवा लाकूड आहे म्हणून गॅस घेत नाहीत. आकड्यात दोन्ही सारखंच दिसतं, हो की नाही?"

सारखंच दिसत होतं. हेच तर दुखणं होतं.

"माझी आत्या राहते तिथे," ती म्हणाली. हे ती म्हणणार नव्हती. नात्याचं नाव काढलं की बाईचं गणित संपलं असं ऑफिसात धरतात, हे तिला पक्कं माहीत होतं.

साहेबांनी ढालीकडे बघितलं. मग म्हणाले, "हाताने वाढव. तुझ्या सहीने. पण तेवढा गॅस मला कुठून तरी काढावा लागेल. टाइल्सच्या कारखान्याला एक भट्टी बंद ठेवायला सांगतो. त्यांची कामगारांची एक पाळी घरी बसेल. शेपटीने गॅस घेतला तर तू खरी. नाही घेतला, तर पुन्हा माझ्या दारात यायचं नाही."

तिने शेपटीचा आकडा इतर वस्त्यांना लावतात त्याच हिशोबाने काढला आणि सही ठोकली. घरी जाताना कितीतरी दिवसांनी ती गाणं गुणगुणत होती, बेसूर.

दुसऱ्या दिवशी कडाक्याची थंडी पडली. नियंत्रण कक्षाच्या खिडक्यांवर आतून वाफ धरली होती. अंदाजवाली दाबवाल्याच्या मागे जाऊन उभी राहिली. दाबवाला म्हणजे पडद्यासमोर बसून शहरभरचे व्हॉल्व्ह उघडझाप करणारा माणूस. जाडजूड, कायम काहीतरी चघळणारा.

"सोडला?" तिने विचारलं.

"सोडला की. तुमच्या सहीचा गॅस, अडवतो कशाला." त्याने बोट दाखवलं. "हा शेपटीचा दाब. एवढा तर त्यांनी लग्नसराईतही बघितला नसेल."

"आणि वापर?"

"तो बघतोय मी मघापासून."

वापराची रेघ आडवी पडली होती. सकाळची गडबड झाली, बाकीच्या वस्त्यांच्या रेघा डोंगरासारख्या चढल्या, शेपटीची जागची हलली नाही.

"मीटर अडकलं असेल," ती म्हणाली.

"मीटर ठणठणीत आहे. पाइप भरून बसलाय बाई, पिणारं कोणी नाही. तोंडाशी घास नेऊन ठेवलाय आणि तोंडच उघडत नाहीत."

तिने आत्याला फोन लावला. बराच वेळ वाजला. उचलला तेव्हा आधी खोकला ऐकू आला, मग आत्या.

"आत्या, गॅस आलाय. शेगडी लाव."

"कॉक बंद आहे."

"मग उघड."

"उघडत नसतात. चिंधी बांधलीय."

"कसली चिंधी?"

"लाल. मीटरजवळच्या कॉकला. थंडी जाहीर झाली की सगळ्या गल्लीत बांधतो आम्ही. मधेच दाब परत आला म्हणून सोडायची नाही, थंडी पूर्ण सरल्यावरच सोडायची. काल मीच बांधत फिरले दारोदार, धापा टाकत." तिने पुन्हा खोकून घेतलं. "ते कोपऱ्यातलं घर आठवतं ना तुला?"

आठवत होतं. थंडीत दाब पडला, शेगडी विझली, पहाटे दाब परत आला आणि विझलेल्या शेगडीतून गॅस खोलीभर पसरत राहिला. दोघा नवरा-बायकोची नाकं सर्दीने चोंदलेली, वास कळला नाही. बाईने चहासाठी काडी ओढली आणि घराची भिंत रस्त्यावर आली. कंपनीने ग्राहकाचा निष्काळजीपणा म्हणून ते प्रकरण मिटवलं. अंदाजवालीला स्फोट माहीत होता. चिंधी माहीत नव्हती.

"मला कधी बोलली नाहीस."

"तू थंडीत कधी आलीस इकडे? तेव्हा तर तुमची रजा बंद. हवा बरी झाली की येतेस, तोवर चिंध्या सुटलेल्या असतात."

"तू आत्ता कुठे आहेस?"

"शेजारणीकडे. तिने चूल पेटवलीय, सगळ्या जणी इथेच आहोत."

"धुरात? डॉक्टर काय म्हणाला होता?"

"डॉक्टर म्हणाला ऊब हवी आणि धूर नको. दोन्ही एका ठिकाणी मिळत नाही, त्याला काय करू?"

"आत्या, ऐक माझं. दाब पूर्ण आहे. मी इथे डोळ्यांनी बघतेय. घरी जा, चिंधी सोड, शेगडी लाव. गल्लीलाही सांग."

"आत्ता आहे. पहाटे राहील?"

अंदाजवालीने दाबवाल्याकडे बघितलं. त्याने चघळणं थांबवलं. "तुमचा आकडा आहे तोवर राहील," तो हळू म्हणाला. "आकडा गेला की दाब गेला. माझ्या हातात काय आहे?"

"राहील," ती फोनमध्ये म्हणाली.

"बरं," आत्या म्हणाली. "तू म्हणतेस तर उघडते."

फोन ठेवून ती वळली तर मागे साहेब उभे. त्यांनी आडवी रेघ बघितली होती. रागावले नाहीत. त्यांचा चेहरा जवळजवळ हळवा झाला होता, शर्यत जिंकणाऱ्याचा होतो तसा.

"साहेब, त्यांनी कॉक बंद केलेत. भीती बसलीय. चार-आठ दिवस सतत दाब दिला की एकेक जण उघडेल. एकदा विश्वास बसू द्या."

"विश्वासाचा रकाना नाही आपल्याकडे." ते दाबवाल्याकडे वळले. "टाइल्सवाल्यांचा मालक फोनवर बसलाय. एक पाळी घरी, भट्टी गार, आणि इकडे गॅस पाइपात झोपलाय. मॉडेलचा आकडा परत लाव. संध्याकाळपासून."

"साहेब, एका घराने उघडलाय आत्ता. माझ्या शब्दावर."

"मग फोन कर आणि बंद करायला सांग," साहेब म्हणाले. आवाजात काळजी होती, खरी होती. "लगेच कर."

तिने केला. घाईत दोनदा चुकीचा नंबर लागला. तिसऱ्यांदा आत्या आली.

"आत्या, कॉक बंद कर. लगेच. शेगडी बंद कर, कॉक बंद कर, चिंधी बांध. दाब जाणार आहे."

"बरं."

"बरं काय? उठ, जा घरी."

"अगं, मी उघडलाच नव्हता. मी शेजारणीकडेच आहे."

"तू म्हणालीस उघडते म्हणून."

"म्हणाले. नाहीतर तू फोन सोडला नसतास." मग खोकला आला, लांबलचक, त्यात मागून बायकांचे आवाज, कोणीतरी पाणी दे म्हणत होतं. अंदाजवाली रिसीव्हर कानाला लावून उभी राहिली. श्वासातली शिट्टी तिला स्पष्ट ऐकू येत होती. "तू मनाला लावून घेऊ नकोस," आत्या दम खात म्हणाली. "केलंस तू. आम्हालाच जमत नाही आता ते उघडणं."

संध्याकाळी शेपटीचा दाब उतरला. कोणाची तक्रार आली नाही. तक्रार करायला शेगडी चालू असावी लागते.

दुसऱ्या सकाळी अंदाजवालीने आदल्या दिवसाचे आकडे मॉडेलमध्ये भरायला घेतले. ज्या दिवशी दाब कमी असतो तो दिवस मॉडेलच्या शिकवणीतून वगळता येतो, तसा नियम आहे, तिनेच भांडून करून घेतला होता. पण वस्तीच्या तोंडाशी मोजलेला दाब इतकी वर्षं बराच दिसायचा, म्हणून शेपटीचा एकही दिवस कधी वगळला गेला नाही. कालचा तर नाहीच नाही. काल संध्याकाळपर्यंत दाब खरोखरच पूर्ण होता, शेवटच्या घरापर्यंत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मॉडेलला चोख पुरावा मिळत होता. कडाक्याची थंडी, भरपूर गॅस, आणि वापर जवळपास शून्य. आणि तो पुरावा मिळवून दिला होता तिने, स्वतःच्या सहीने.

तिने तो दिवस भरला. न भरून चालत नव्हतं. ती न भरती तर साहेबांनी दुसऱ्याकडून भरून घेतला असता. मॉडेलने क्षणभर विचार केल्यासारखं केलं आणि उद्याचे आकडे टाकले. शेपटीचा आकडा कधी नव्हता इतका खाली गेला होता.

शेजारणीचा निरोप येऊन पडला होता, आत्याला दवाखान्यात नेतोय. अंदाजवालीने रजा मागितली. थंडीत रजा बंद होती. आकडा दुपारच्या आत जायचा होता, तिने तो पाठवला. तो बरोबर येणार होता.