मैनेच्या डोळ्यामागचं पिवळं

गाडीचं नाव मैना, आणि ते वन्संनंच ठेवलेलं. अंग तपकिरी, डोक्यावर काळं कापडी छप्पर, आणि सुरू झाली की अशी वटवट करायची की गल्लीच्या टोकाला कळावं, बाईसाहेब निघाल्या. दोनच माणसांची गाडी, तीही बुटकी. आत बसायचं म्हणजे आधी वाकायचं, मग घरंगळायचं, आणि मग आपलेच गुडघे आपल्यालाच भेटायचे. पण छप्पर मागे दुमडलं की आभाळ थेट मांडीवर यायचं. त्यासाठी वन्संनं बाकी सगळं सोसलं होतं. लोकांचं हसणं, सुट्या भागांची शोधाशोध आणि दादाचे टोमणे.

तिला वन्सं म्हणायची ती खरं तर एकटी वहिनी. लग्न होऊन या घरात आली त्या पहिल्याच आठवड्यात तिनं ओळखलं, की या धाकट्या नणंदेला 'वन्सं' म्हटलं की ती मिरचीसारखी तडतडते. मग काय, तेच नाव पक्कं झालं. पुढे दादाही आपल्या सख्ख्या बहिणीला वन्सं म्हणू लागला, आणि आता तर तिच्या हवामान खात्यातले साहेबसुद्धा फोनवर विचारायचे, "वन्सं आहेत का?" एरवी दोघींचं अगं-तुगंच. चिडवायचं असलं, नाहीतर रुसवा असला, की मात्र वहिनी 'तुम्ही'वर जायची.

वन्संची बदली झाली होती. दूर डोंगरमाथ्यावरच्या वेधशाळेत, जिथे ढग खिडकीतून आत येतात आणि टेबलावरचे कागद ओले करून जातात. तिला ते मनापासून हवं होतं. आयुष्यभर ढग खालून मोजले, आता जरा त्यांच्या कमरेएवढ्या उंचीवरून मोजू, म्हणाली. सोमवारी हजर व्हायचं, म्हणून रविवारी सकाळी निघायचं. प्रश्न एकच होता: मैना बरोबर जाणार, की इथेच ताडपत्रीखाली राहणार?

कारण छप्पर पार गेलं होतं. लोखंडी कमानींवर कापड इतकं झिजलेलं की आतून तारे दिसावेत. मागची खिडकी प्लास्टिकची, ती धुरकट होऊन तडकलेली. पाऊस आला की शेजारी बसणाऱ्यानं गाडीच्या आत छत्री धरायची, असा नियमच होता, आणि शेजारी बसणारी बहुतेक वेळा वहिनीच असायची. इथल्या सरीला छत्री पुरत होती. डोंगरावर दिवसरात्र भिजरं धुकं. तिथे उघड्या डोक्यानं नेली असती, तर एका हंगामात गाडीचा गंज तेवढा उरला असता.

"बसनं जा," दादा म्हणाला. तो बस डेपोत वेळापत्रक सांभाळायचा, आणि जगातल्या बहुतेक दुखण्यांवर त्याच्याकडे एक बस असायची. "आमच्या बसला छप्पर आहे. पत्र्याचं आहे. आणि ते कुणाच्या वहिनीनं शिवलेलं नाही."

"अजून नाही शिवलेलं," वहिनी म्हणाली. "मापाला एखादी बस पाठवा, बघते."

वहिनीचं शिवणाचं दुकान घराच्या पुढच्या खोलीत होतं. रस्त्याकडे मोठी खिडकी, खिडकीवर पिवळं ताडपत्रीचं छत, आत दोन मशिनी आणि भिंतीला टांगलेले अर्धे-मुर्धे झगे. तिच्याकडे येणारं गिऱ्हाईक अंगावर टेप लावून घ्यायला लाजायचं. त्यापेक्षा घरून एखादा नेमका बसणारा जुना कपडा आणायचं: याच मापाचा शिवा. वहिनी तो कपडा टेबलावर पसरायची, हातानं एकदा कुरवाळायची, आणि खडू फिरवायची. आजवर तिचा एकही कपडा परत आला नव्हता.

तसंच तिनं याही वेळी केलं. वन्संनं स्क्रू आणि पट्ट्या काढून जुनं छप्पर कमानींवरून उतरवलं, वहिनीनं एकेक शिवण उसवली, तुकडे झटकले, टेबलावर मांडले. खाली नवं काळं जलरोधक कापड; तुकड्यांभोवती खडूची रेघ, तीच नोंदीला एका कागदावरही, शिवणीपुरती माया, आणि कात्री. कापड मोजून तेवढंच मिळालं होतं, त्यामुळे चिंधीसुद्धा फुकट गेली नाही. मग जाड सुई, मेण लावलेला दोरा, आणि मोठ्या मशिनीची धडधड. त्या धडधडीवर वहिनी गुणगुणत होती. तिला तशी सवयच. हात चालू लागले की तोंडाला ओळी फुटायच्या.

*टाका घालते दुहेरी, दोरा ओढते जपून,*
*नणंद निघाली डोंगरी, मी गं डिकीत लपून.*

"डिकीत जॅक आहे," दारातून वन्सं म्हणाली. "आणि तुझ्या मापाची नाही ती."

"जॅक मांडीवर घेईन."

"दादाला जेवायला कोण घालेल?"

"त्यांना बस घालेल."

शनिवारी भर दुपारी छप्पर चढवायला घेतलं. ऊन हवंच होतं, कारण उन्हात असलं कापड जरा मऊ पडतं, ओढ घेतं. मागची कड आधी बसवली. नवी खिडकी अशी लख्ख की मागच्या भिंतीवरचं मांजर चकित होऊन आत बघू लागलं. बाजू बसल्या. कमानींवरून कापड पुढे पुढे येत गेलं, काळंभोर, ताठ.

आणि मग ते थांबलं. समोरच्या काचेच्या वरच्या पट्टीला टेकायच्या आधीच, चार बोटं अलीकडे.

"ओढ," वहिनी म्हणाली.

दोघींनी ओढलं. दादा आला, त्यानं सगळं वजन टाकून ओढलं. कमानी कण्हल्या. चार बोटांची साडेतीन झाली आणि हात सोडताच पुन्हा चार. त्या फटीतून ऊन सरळ आत पडलं होतं, चालकाच्या जागेवर, अगदी ऐटीत.

असल्या वेळी दादाला गप्प बसवत नाही, हे त्याचं जुनं दुखणं. म्हणाला, "खरं सांग, मुद्दाम आखूड कापलंस ना? म्हणजे ही जायची नाही."

म्हणाला तो गमतीनंच. पण वहिनीनं खिशातला खडू काढला, बॉनेटवर ठेवला, आणि आत निघून गेली.

"घातलास ना पाय खड्ड्यात?" वन्सं म्हणाली.

"मी हसवायला गेलो होतो गं."

"तू बसच चालव."

"मी बससुद्धा चालवत नाही. मी फक्त वेळ सांगतो."

"तीही चुकीची."

वन्सं दुकानात गेली तेव्हा वहिनी जुन्या छपराचे तुकडे नव्याची रेघ उतरवलेल्या कागदावर ठेवून बघत होती. जुळत होतं सगळं. सूतभर फरक नव्हता.

"मापात चूक नाही, वन्सं," ती म्हणाली. "तुम्ही बघा. कुठे चूक आहे दाखवा."

'तुम्ही' ऐकून वन्सं मशिनीसमोरच्या स्टुलावर बसली. जुनी चिंधी तिनं हातात घेतली, ताणली, सोडली. तिचे डोळे जरा बारीक झाले.

"मी गुडघा लावायचे," ती हळूच म्हणाली.

"कशाला?"

"छप्पर बंद करताना. पुढची कडी लागायचीच नाही त्याशिवाय. आतून दोन्ही हातांनी लोंबकळायचं, गुडघा डॅशबोर्डला लावायचा, आणि देवाचं नाव घ्यायचं. मग खट्ट."

"कधीपासून?"

"वर्षं झाली असतील. दरसाल जरा जास्त जोर लागायचा. मला वाटलं, मी म्हातारी होतेय."

वहिनीनं तिच्याकडे पाहिलं. मग हातातल्या तुकड्याकडे पाहिलं. "म्हणजे हे आटलेलं होतं. इतकी वर्षं ऊन-पाऊस खाऊन आटलेलं. आणि ताणावर होतं म्हणून कसंबसं पुरत होतं. आपण सोडवलं, तसं ते सुटकेचा श्वास टाकून आणखी आखडलं. आणि मी शहाणी, त्याचंच माप घेऊन बसले." तिनं कपाळावर हात मारला, खडूची पांढरी बोटं उमटली. "तू मला सांगायचं नाहीस?"

"तू मला विचारायचं नाहीस?"

"मी कपडा मोजते गं. अंग कुठे मोजते?"

आधी वन्सं हसली. मग वहिनी. मग दोघी अशा हसल्या की बाहेर दादानं मांजराला विचारलं, मी आत जाऊ का? मांजरानं जांभई दिली.

हसून झाल्यावर वहिनी म्हणाली, "एक सांगते. कापताना माझ्या मनात काही नव्हतं. पण ते चार बोटं अलीकडे थांबलं ना, तेव्हा एक क्षण वाटलं, बरं झालं."

"मला माहीत आहे."

"कसं?"

"मलाही वाटलं," वन्सं म्हणाली. "एकच क्षण. आता पुढचं बोल. होईल का?"

वहिनी उठली. गिऱ्हाइकाचा कपडा घट्ट झाला की ती रडत बसायची नाही, पट्टी घालायची. प्रश्न होता, पट्टी कुठे. पुढच्या कडेला जोड दिला तर वारा नेमका तिथेच आपटणार, शिवण उचलणार, पाणी शिरणार. तिनं गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, कापडावरून तळवा फिरवला, आणि मागच्या कमानीवर बोट ठेवलं. तिथे आधीच शिवण होती. तीच उसवायची, मध्ये पट्टी घालायची, आणि प्रत्येक पुढचा थर मागच्याच्या वर, कौलांसारखा. पाणी येईल आणि वरच्या वर निघून जाईल.

"पण काळं कापड उरलेलं नाही," ती म्हणाली. "पुन्हा मागवायचं तर पुढचा महिना."

तिघांनीही दुकानाच्या खिडकीकडे पाहिलं. खिडकीवरचं छत शिवलं तेव्हाचा एक लांब तुकडा वहिनीकडे उरला होता. जाड, जलरोधक, आणि अगदी हळदीसारखा पिवळा.

वन्संनं तोंड फिरवलं. "नाही. काळ्या छपरावर पिवळा पट्टा? जुन्या गाड्या जपणारी मंडळी मला वाळीत टाकतील. कंपनीनं अशी गाडी कधी काढलीच नाही."

"कंपनीनं काढलेली केव्हाच आटली," वहिनी म्हणाली.

"टॅक्सी वाटेल ती."

यावर दादा पुढे आला. दुपारचं पाप धुवायची ही एकच संधी होती. तो म्हणाला, "अगं, मैना कशी असते? अंग तपकिरी, डोकं काळं. आणि डोळ्यामागे?"

वन्सं त्याच्याकडे बघत राहिली. भिंतीपलीकडच्या झाडावर एक खरीखुरी मैना दिवसभर भांडत असायची. तिच्या डोळ्यामागे कुणी बोटानं हळद ओढावी तसा पिवळा पट्टा होता. नाव ठेवून इतकी वर्षं झाली, आणि हे कधी ध्यानात आलं नव्हतं.

"डेपोत हे शिकवतात?" तिनं विचारलं.

"बस उशिरा आली की झाडंच बघतो आम्ही."

ऊन उतरायच्या आत पट्टी बसली. या वेळी वहिनीनं टेबलावर माप घेतलं नाही. आतून वन्सं, बाहेरून ती, असं कापड कमानींवरच ताणून धरून तिनं खुणा केल्या, अंगावरच, जिवंत माणसाचं घ्यावं तसं. मग मशिनीची धडधड, मग पुन्हा चढवाचढवी. वन्सं आत बसली, सवयीनं तिनं गुडघा वर उचलला, आणि कडी नुसत्या अंगठ्यानं लागली. खट्ट. तिनं ती उघडली आणि पुन्हा लावली. खट्ट. इतका सहज आवाज तिनं फार वर्षांनी ऐकला होता. ती तो ऐकतच बसली.

परीक्षा दादानं घेतली. वरच्या गॅलरीतून त्यानं झाडांची झारी धरली. वहिनी तिच्या नेहमीच्या जागी, शेजारी बसली. मांडीवर मिटलेली छत्री, वेळ आलीच तर म्हणून. पाणी छपरावर ताडताड वाजलं, पिवळ्या पट्टीवरून घसरलं, मागच्या खिडकीवरून ओघळून गेलं. आत थेंब नाही. दादानं दुसरी झारी ओतली, मग हौसेनं बादली.

"अहो, पुरे," वहिनी आतून ओरडली. "गाडी आहे, म्हैस नाही."

छत्री मात्र तिनं घट्ट धरून ठेवली होती. आता या जागेवर कुणाला छत्री धरायची गरज नव्हती, आणि त्या विचारानं तिला उगाचच भरून आलं.

रविवारी सकाळी सामान चढलं. निघताना वन्संचा हात छपराच्या कडीकडे गेला. ऊन कोवळं होतं, रस्ता मोकळा, अशा वेळी मैनेचं डोकं उघडायचं नाही तर कधी?

"खबरदार," वहिनी म्हणाली. "नवं कापड आहे. ताणावर राहू दे, अंगाला बसू दे. आत्ता दुमडलंस तर चुण्या पडतील, पुन्हा आखडेल, आणि मग लाव गुडघा."

"किती दिवस?"

"पुढच्या सुट्टीपर्यंत." हे तिनं फार पटकन म्हटलं. मग जरा थांबून, बॉनेटवरची न दिसणारी धूळ पुसत, "आणि पहिल्यांदा उघडशील तेव्हा मी समोर हवी. शिवण बघायला लागते."

"शिवण."

"हो. शिवण."

दादानं मान वळवून झाडाकडे पाहिलं. वन्सं गाडीत बसली, पुन्हा उतरली, मागे गेली आणि डिकी उघडून आत वाकली. बराच वेळ वाकून होती.

"काय राहिलं?" वहिनीनं विचारलं.

"काही नाही. बघते, कुणी लपलंय का."

आत फक्त जॅक होता, आणि त्याच्या शेजारी, नीट बांधून ठेवलेली, वहिनीची छत्री. वन्संनं डिकी लावली. मैना वटवटत गल्लीबाहेर पडली. वळणावर तिचा पिवळा पट्टा एकदा उन्हात चमकला, आणि भिंतीपलीकडच्या झाडावरून कुणीतरी तिला जोरात उत्तर दिलं.