पाण्यावरची ट्रॉली

काल संध्याकाळी ट्रॉली उचलत होती आणि आज उचलत नव्हती. एवढीच गोष्ट, पण तेजश्रीचं डोकं पार चक्रावून गेलं होतं.

ट्रॉली म्हणजे पुठ्ठ्याची हो, बाटल्यांच्या झाकणांच्या चाकांची. खाली एक जाडी सिरिंज, हातात एक बारकी, दोन्हींच्या मधी सलाईनची नळी. गाईच्या डॉक्टरांच्या मागं लागून लागून आणलेला कोरा माल. आत हळद कालवून गाळलेलं पाणी, मागच्या बाकावरनंही दिसावं म्हणून. बारकी दाबली की पाणी जाडीत जायचं, दट्ट्या वर सरकायचा आणि ट्रॉली खत ओतल्यासारखी मागं कलायची. वर अख्खा कांदा ठेवला तरी कलायची! आज अनुपमा मॅडम वर्गातलं एकच मॉडेल शिरूरच्या प्रदर्शनासाठी निवडणार होत्या आणि आपलंच जाणार यात तेजश्रीला तिळमात्र शंका नव्हती.

तिला शिरूरला जायचं होतं, पण त्याहून जास्त आप्पांना दाखवायचं होतं. आप्पा म्हणजे तिचे वडील, संपतराव. न्हावऱ्याच्या शिवारात ट्रॅक्टर चालवावा तर यांनी, पण लेक कितवीला आहे विचारलं तर बायकोच्या तोंडाकडं बघणारा माणूस. काल धार काढून आले, ओसरीवर ट्रॉलीपाशी उकिडवे बसले आणि म्हणाले,

"ह्यात काय घातलंय गं?"

"पाणी."

"पाणी?" म्हणाले, मान हलवली आणि उठून गेले. झालं! तेजश्रीच्या जिवाला लागलं. एवढं केलं, पण कौतुकाचा एक शब्द म्हणून नाही.

आता वर्गासमोर ती बारकी सिरिंज दाबत होती आणि अंगठा लाल झाला तरी दट्ट्या हलत नव्हता. कांदा वर तसाच बसलेला. मागच्या बाकावरून स्वराज म्हणाला, "ट्रॉली पंक्चर हाय काय?" वर्ग खिदळला. स्वराजची पवनचक्की टेबलावर गरगर फिरत होती, त्याला बोलायला काय जातंय!

तेजश्रीनं नळी बघितली. कुठं गळत नव्हती. बुडबुडा नव्हता. पिवळं पाणी होतं तिथंच होतं. मग झालं काय? भूत शिरलं का काय हिच्यात? ती आठवू लागली. सकाळी तिची झाडलोटीची पाळी, म्हणून ती पुढं आली होती. ट्रॉली मागून तिच्या घरून आणली शितलनं.

शितल तिची जोडीदारीण. नळ्या जोडल्या शितलनं, चाकं बसवली शितलनं. पण वर्गापुढं बोलायचं कुणी यावरून काल दोघींची चांगलीच जुंपली होती. "मीच बोलणार, मॉडेल माझ्या घरचं हाय," असं तेजश्रीनं ठणकावलं आणि शितल तोंड फुगवून निघून गेली होती.

"तूच काहीतरी केलंस," तेजश्री दातओठ खात म्हणाली.

"मी?" शितलचे डोळे मोठे झाले. "मी रिक्षात नुसती मांडीवर घेऊन आले. वाटेत हातसुदा लावला न्हाई गं."

"मग आपोआप बिघडलं व्हय? बोलायला दिलं न्हाई म्हणून केलंस!"

हे सगळ्या वर्गानं ऐकलं. शितलचे डोळे भरले आणि ती खाली बघत उभी राहिली. मॅडम म्हणाल्या, "भांडू नका. नळी काढून बघ आधी."

तेजश्रीनं हिसका देऊन नळी काढली. दोन थेंब बोटांवर पडले. बोटं बुळबुळीत झाली. हे कसलं पाणी? तिनं हात नाकाशी नेला आणि थिजलीच. हा वास तिला जन्मापासून माहीत होता. आप्पांच्या शर्टाचा, आप्पांच्या टॉवेलचा, ट्रॅक्टरची ट्रॉली उचलणाऱ्या जॅकमध्ये घालतात त्या तेलाचा.

"तेल आहे हे," मॅडमनी बोट लावून बघितलं. "ट्रॅक्टरचं. त्यानं दट्ट्याचं रबर फुगलं आणि आत आवळून बसलं. कुणी घातलं?"

तेजश्रीला राग आला. मग रडू आलं. मग तिचं तिलाच कळेना नेमकं काय येतंय. शाळेच्या वस्तूला आप्पांनी जन्मात हात लावला नव्हता. आणि लावला तो हा असा! तिनं मान वर केली तर वर्गाच्या दारात आप्पाच उभे. इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर धुतलेली टोपी, तोंडभर हसू. कधी आले, काय ऐकलं, देव जाणे.

"मी घातलं, मॅडम," तेजश्री पटकन म्हणाली.

शितलनं दाराकडं बघितलं. तेजश्रीकडं बघितलं. शितलचे डोळे अजून ओलेच होते.

"दोघींनी घातलं," ती म्हणाली.

"अवो न्हाई, मॅडम!" आप्पा थेट आतच आले. "पोरींचं काय ऐकता? तेल म्या घातलं. रात्री समदं पाणी काढलं आन् नवं कोरं तेल भरलं. पाण्यावर कुठं जॅक चालतो व्हय? म्हनलं पोरीची फजिती नको."

आप्पांचं लक्ष ट्रॉलीकडं गेलं. त्यांनी बारकी सिरिंज दाबली, पुन्हा दाबली, दोन्ही अंगठ्यांनी दाबली. हसू हळूहळू उतरलं. टोपी काढून त्यांनी हातात घेतली.

"पाण्यावर चालत हुतं?"

"कांदा उचलत होतं, आप्पा."

"मग मला सांगायचं न्हाई का गं, कसं चालतं ते?"

तेजश्रीला कालची संध्याकाळ आठवली. खरंच, सांगितलं कुठं होतं? पाणी म्हणाली आणि फुरंगटून बसली.

शिरूरला पवनचक्की गेली. मॅडमनी तसं सांगितलं तेव्हा तेजश्रीला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण आप्पा अजून तिथंच उभे होते, टोपी मुरगाळत. तिनं त्यांना पहिल्या बाकावर बसवलं. गुडघे बाकात मावेनात, म्हणून बिचारे तिरपे बसले.

मग तिनं ओढणीनं सिरिंज पुसली आणि शितलच्या हातात दिली.

"तू सांग," ती म्हणाली. "तुला चांगलं सांगता येतं. आन् मघाशी मी बोलले ते चुकलं माझं."

शितलनं नाक पुसलं, घसा खाकरला आणि बारकी सिरिंज आप्पांच्या समोर धरली.

"हे बघा मामा," ती म्हणाली, "पाणी दाबलं जात न्हाई."

"न्हाई?" आप्पा पुढं वाकले.