हाक म्हणजे घे

हातातून हातात जाणं, एवढंच माझं काम. मित्रांनो, मी रिले शर्यतीची जुनी बॅटन आहे. ट्युनिशियातल्या सूस शहरात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर एक मैदान आहे. माझं सगळं आयुष्य तिथेच गेलं.

अंगाने मी पोकळ. अॅल्युमिनियमची नळी कापली, कडा घासल्या, लाल रंग दिला, की झाले मी तयार. माझ्याच कारखान्यात खुर्च्यांचे पायही बनत. त्यांच्या वाट्याला माणसांचं वजन आलं आणि माझ्या वाट्याला माणसांचा घाम. बरं कोणाचं झालं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

पहिली काही वर्षं शाळकरी मुलांच्या हातात गेली. कोणी मला दुर्बीण केलं, कोणी भोंगा केला. मग या मैदानावर लमजद नावाचे प्रशिक्षक आले. मुली त्यांना मानाने 'सी लमजद' म्हणत. त्या वर्षी अरब देशांच्या युवा मैदानी स्पर्धा आमच्याच गावात भरायच्या होत्या आणि यजमानांचा मुलींचा रिले संघ त्यांना घडवायचा होता. सरावासाठी त्यांनी पेटीतून मला उचललं. निवडून उचललं असं म्हणायला मला आवडेल, पण खरं म्हणजे मी सगळ्यांत वर होते.

संघातली मोल्का तिसरा टप्पा पळायची आणि उन्स शेवटचा. मोल्का बडबडी, उन्स मुखदुर्बळ. उन्सचा जीव त्या शेवटच्या टप्प्यात अडकला होता. आदल्या वर्षी परक्या मैदानावर तिच्या हातून बॅटन निसटली होती. तेव्हापासून येणारा जाणारा लमजदांना सल्ला देई, की शेवटचा टप्पा राखीव खेळाडू सिरीनला द्या. लमजद ऐकून घेत आणि उन्सलाच पळवत. उन्सला हे सगळं ठाऊक होतं. सरावात तिचा तळहात नेहमी ओला असे, हे मी सांगू शकते.

आता आमच्या कामाची एक गोष्ट सांगते. बॅटन देणारी मागून येते आणि घेणारी पुढे बघून पळत सुटलेली असते. वळून बघितलं की वेळ गेलाच. म्हणून देणारी ओरडते आणि घेणारी न बघता हात मागे करते. आमच्या मुली 'हाक' असं ओरडत. तुमच्या भाषेत हाक म्हणजे बोलावणं. आमच्या बोलीत हाक म्हणजे 'हे घे'. भाकरी देताना हाक, किल्ली देताना हाक, आया थप्पड देतात तेव्हाही हाकच.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी सगळे देश सरावाला उतरले. इजिप्तच्या मुली 'घे'साठी 'खुद' म्हणत होत्या. शेजारच्या लेनमध्ये अल्जीरियाच्या मुली होत्या, पलीकडे मोरोक्कोच्या. त्या आमच्या शेजारणी, आम्हा सगळ्यांच्या मुलखाला मिळून मगरिब म्हणतात, आणि त्यांची बोली आमच्या बोलीची चुलत बहीण. त्यांचंही 'घे' म्हणजे 'हाक'च. इतके महिने रिकाम्या मैदानावर सराव केला, पण हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

मोल्का मला घेऊन वळणावरून येत होती. तेवढ्यात शेजारची अल्जीरियन मुलगी ओरडली, "हाक!" उन्सने लगेच हात मागे केला. मोल्का अजून बरीच मागे होती. हातात काहीच येईना म्हणून उन्स गोंधळून थबकली, मोल्का तिच्यावर आदळली आणि मी सिमेंटच्या कडेवर जाऊन पडले. माझ्या एका टोकाला पोचा आला.

लमजद जुन्या दुखऱ्या पायाने लंगडत आले. "हात मागे करायची एवढी कसली घाई? मेंदी लावायला बसली होतीस का?"

"सी लमजद, हाक ऐकू आली मला."

"सगळ्या मगरिबची हाक तुलाच ऐकू येते?" मग त्यांचा आवाज उतरला. "हे बघ पोरी. लोकांची तोंडं मी वर्षभर धरून ठेवली. उद्या पुन्हा बॅटन पडली, तर पुढच्या मोसमात शेवटचा टप्पा सिरीनचा. माझाही नाइलाज आहे."

उन्सने मान हलवली. मोल्का मला पुसत म्हणाली, "मग शब्दच बदलूया ना. दुसऱ्या कोणाच्या तोंडात येणार नाही असा."

"आता? उद्या शर्यत आहे बाई," लमजद म्हणाले.

"ब्रिक कसं वाटतं?"

सगळ्याजणी हसल्या. ब्रिक म्हणजे पातळ पारीत अंडं घालून तळतात ते. मैदानाच्या दारावर जोहरा मावशीची गाडी लागे आणि उन्सचे खाऊचे अर्धे पैसे तिथेच संपत.

"हसू नका गं. ब्रिक म्हटलं की ही झोपेतसुद्धा हात पुढे करते," मोल्का म्हणाली.

"पुढे नाही, मागे करायचाय," उन्स पहिल्यांदाच हसली. मग तिने मोल्काला बजावलं, "उद्या कोणीही हाक म्हणू दे, मी हात देणार नाही. ब्रिक म्हणालीस तरच."

संध्याकाळभर त्यांनी तोच सराव केला. एकदाही चूक झाली नाही.

दुसऱ्या दिवशी पंचांनी पेटीतून काढून मला चौथ्या लेनमध्ये दिलं. आमच्याच मुलींची लेन. पहिल्या दोन अदलाबदली छान झाल्या आणि मी मोल्काच्या उजव्या हातात आले. तिसरी अदलाबदल मात्र अवघड. वळण तिथे संपतं आणि सगळ्या लेनच्या मुली एकाच ओळीत येतात, एकाच वेळी ओरडतात. तिथे जमिनीवर एक रेषा असते. त्या रेषेच्या आत मी दुसऱ्या हातात गेले पाहिजे, नाहीतर संघ बाद.

उन्स वेळेवर सुटली. डावीकडून हाक आली, उजवीकडून हाक आली. उन्सचा हात हलला नाही. ठरल्याप्रमाणेच. मोल्का तिच्याजवळ पोचली आणि जीव खाऊन ओरडली, "हाक!"

इतक्या महिन्यांची सवय. ब्रिक तिच्या डोक्यातून पार उडून गेलं होतं.

उन्स पुढे बघून पळत राहिली. मोल्का पुन्हा ओरडली, "हाक! हाक!" प्रेक्षकांत आरडाओरडा झाला. रेषा जवळ आली. मी काय करणार? नळीला तोंडं दोन असतात, पण आवाज एकही नसतो.

मग मोल्काने नुसतीच किंकाळी फोडावी तसं नाव घेतलं, "उन्स!"

हात मागे आला. रेषेच्या अगदी आत मी त्यात पडले आणि बोटं मिटली. इतकी घट्ट, की माझ्या पोच्याची कड तिच्या तळहातात रुतली. पण हाताची वाट बघण्यात गेलेला वेळ गेला होता. उन्सने दोघींना मागे टाकलं, तरी आम्ही चौथ्या आलो. चौथ्याला पदक नसतं.

मोल्का गवतावर बसून रडली. "दोन अक्षरं लक्षात राहिली नाहीत मला. बाकी सगळं आयुष्यभर बडबडते."

"रडू नकोस गं," उन्स म्हणाली.

"पण नाव ऐकून हात कसा दिलास? ते तर ठरलंच नव्हतं."

"हाक कोणालाही असू शकते. उन्स म्हणणारी तिथे दुसरी कोण असणार?"

लमजद आले. उन्ससमोर उभे राहिले. मग म्हणाले, "बॅटन कुठाय?"

उन्सने मूठ उघडली नाही, फक्त उचलून दाखवली.

"मग झालं. शेवटचा टप्पा तुझाच. सांगणाऱ्यांना सांगू दे काय सांगायचं ते."

तेव्हा कुठे ती रडली.

याला खूप वर्षं झाली. माझा लाल रंग आता नावापुरता उरला आहे. सामानाच्या खोलीतली खिडकी सारखी मिटते, म्हणून कोणीतरी मला तिच्या फटीत अडकवलं आहे. पावसाळी वाऱ्यात अंगाला मीठ बसतं, ते पुसायचं कोणाला सुचत नाही. मला वाईट वाटतं, नाही असं नाही. खेळ संपल्यावर तुमच्या शाळेतल्या बॅटन पुसून पेटीत ठेवत जा, एवढं माझ्यासाठी करा.

आणि मित्रांनो, एखादी गोष्ट कोणाच्या हाती सोपवायची असेल, तर नुसतं 'घे' म्हणून मोकळे होऊ नका. गर्दीत सगळेच 'घे' म्हणत असतात. त्या माणसाला त्याच्या नावाने हाक मारा, आणि त्याची बोटं मिटेपर्यंत आपला हात सोडू नका.