लग्नानंतरची अकरा मिनिटं

"अहो, सरका ना जरा तिकडे. काय घेऊन बसल्यात कोण जाणे, उंदीर मेल्यासारखा वास येतोय."

हे माझ्याबद्दल होतं. शेअर रिक्षात मागे आम्ही तिघं. त्या कडेला नवरा, मध्ये बायको, या कडेला मी, आणि माझ्या मांडीवर पिशवी. बाई बोलली नवऱ्याच्या कानात, पण रिक्षात त्याचा कान आणि माझा कान यांच्यात अंतर ते कितीसं? नवरा बिचारा आधीच अर्धा बाहेर लटकत होता. आणखी सरकला असता तर सरळ उल्हासनगरच्या रस्त्यावर पडला असता.

मी पिशवीचं तोंड मुठीत दाबून धरलं. वास उंदराचा नव्हता, बुरशीचा होता. पिशवीत तीन जुन्या व्हिडिओ कॅसेटी होत्या आणि गंमत म्हणजे त्यांचं मला काहीएक काम नव्हतं. तीन रविवार मी त्याच तीन कॅसेटी सकाळी घरातून नेत होते आणि दुपारी घरी परत आणत होते. 'जुन्या देऊन येते, नव्या बघते' असं आण्णांना सांगून.

आण्णा म्हणजे माझे वडील, भीमराव. वय ब्याऐंशी. अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते. शहाऐंशी साली त्या कारखान्याच्या गेटवर सिनेमाचं शूटिंग झालं. 'गेट नंबर दोन' नावाचा मराठी सिनेमा. गर्दीत उभं राहायला कामगार घेतले, आणि त्यातल्या आण्णांना एक वाक्य मिळालं. नवऱ्याला शोधत हिरॉइन गेटवर येते. सायकल धरून उभा असलेला कामगार तिला सांगतो, "बाई, इथं त्या नावाचं कोणी नाही." बस, एवढंच. पण आण्णांनी त्यासाठी बिनपगारी रजा टाकली होती, दाढी दोनदा केली होती, आणि आईने सायकलच्या सीटला पिवळं कव्हर शिवून त्यावर लाल धाग्याने कमळ काढलं होतं.

सिनेमा थेटरात लागलाच नाही. व्हिडिओवर आला म्हणे, एक उन्हाळा फिरला आणि गायब झाला. आमच्यापैकी कुणी तो पाहिला नाही. पण वाक्य राहिलं. पाहुणे आले, बारशाला चार माणसं जमली, की आण्णा उभे राहून ते वाक्य म्हणून दाखवायचे. आई नेमकी तेव्हाच दूध बघायला उठायची. माझा भाऊ महेंद्र छताकडे बघायचा. आता तो नाशिकला असतो. फोनवर सिनेमाचा विषय निघाला की "बाकी काय म्हणतेस?" म्हणतो. आण्णांनी खरंच काम केलं होतं का, हे आमच्या घरात कुणी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर आलं असतं ना.

तीन वर्षांपूर्वी आई गेली. अंबरनाथची चाळ आधीच पाडली होती, आम्ही चिखलोलीला सातव्या मजल्यावर आलो. मी एमआयडीसीत औषधांच्या पॅकिंगला जाते. लग्न केलं नाही. आधी जमलं नाही, मग वेळ गेली, मग लोकांनी विचारायचं सोडलं. त्यांचं सोडणं तेवढं जरा लवकर झालं. आण्णा दिवसभर खिडकीशी बसतात. समोर नवीन स्टेशन व्हायचंय, तिथलं काम बघतात. मी आले की सांगतात, "आज दोन खांब." आमचं बोलणं तेवढंच. लिफ्टमध्ये भेटणाऱ्या माणसांची नावं आम्हाला दोघांनाही माहीत नाहीत.

आई गेल्यावर वर्षभराने आण्णा एका संध्याकाळी बुद्धवंदना झाल्यावर सहज म्हणाले, "ती कॅसेट एकदा बघायला मिळाली असती तर..." आणि मी ठरवलं, ते आहेत तोवर शोधून दाखवायची.

मोबाइलवर शोधलं तर 'गेट नंबर दोन' नावाचा ढाबा निघाला, वापीजवळ. सिनेमाचा पत्ता नाही. मग मी उल्हासनगर कॅम्प एकला वासूभाईंकडे गेले. पूर्वी त्यांची व्हिडिओ लायब्ररी होती. आता त्याच दुकानात मोबाइलची कव्हरं विकतात.

"गेट नंबर दो? होती ना, दीदी," वासूभाई म्हणाले. "पण आता कुठे! लायब्ररी बंद केली तेव्हा सगळी कॅसेट शादीवाल्यांनी उचलली."

"शादीवाल्यांनी?"

"अरे, शूटिंगवाले! नवी कॅसेट महाग. आमची पिक्चरची कॅसेट किलोवर घ्यायचे. कोपऱ्यावरचा प्लॅस्टिकचा दात आम्ही मोडून ठेवायचो, म्हणजे कोणी वर रेकॉर्ड करू नये. ते काय करायचे? तिथे सेलोटेप चिकटवायचे. झालं. वर कोणाची पण शादी छापा!"

"म्हणजे सिनेमा पुसला गेला?"

"जेवढी शादी तेवढा गेला. शादी दोन तासाची, पिक्चर अडीच तासाचा. मागे शेपूट राहतं." मग काउंटर पुसत म्हणाले, "आमच्या प्रत्येक कॅसेटला मागे पांढऱ्या ऑइलपेंटने नंबर आहे. तुझावाला नंबर रजिस्टरमध्ये असेल. रजिस्टर माळ्यावर. काढतो."

ते रजिस्टर माळ्यावरून उतरायला आठ महिने लागले. दर रविवारी मी जायची, ते म्हणायचे, "परत आलीस, दीदी? बस, चाय बोलतो. आण्णा कसे? काही बोलले?" मी म्हणायची, काय बोलणार? आणि रजिस्टर पुढच्या रविवारी. शेवटी नंबर मिळाला : सहाशे बारा.

पण नंबर मिळायची वाट कोण बघतंय? कॅम्प तीनमधल्या एका मेकॅनिककडून मी जुना व्हीसीआर दुरुस्त करून घेतला. बुरशी स्पिरिटच्या बोळ्याने कशी पुसायची, टेप तुटली तर कशी जोडायची, हे माझं मी शिकले. मग सोसायट्यांच्या ग्रुपवर टाकलं : जुन्या लग्नाची कॅसेट पेनड्राइव्हवर करून मिळेल. फुकट.

आणि मी, जिचं स्वतःचं लग्न झालं नाही, ती रविवारमागून रविवार लोकांची लग्नं बघायला लागले. एकूण सदतीस. अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर. मंगलाष्टकांची, त्रिशरण-पंचशीलाची, सिंधी फेऱ्यांची. प्रत्येक लग्नात गुलाबाच्या फुलातून गरागरा फिरत नवरीचा चेहरा येतोच. प्रत्येक लग्नात एक आत्या दिव्याचा झोत तोंडावर आला की जिलबी पाठीमागे लपवते. नवरी रडत गाडीत बसते, पडद्यावर मुंग्या येतात, आणि मग एकदम मधूनच कुठला तरी सिनेमा सुरू होतो. कुणी तरी कुणाला तरी माफ करतंय, पोलिस उशिरा येतायत, विधवा आई हसतेय. सुरुवात एकाचीही माहीत नाही. मी सदतीस लग्नं पाहिली आणि तेवढेच शेवट.

सोमवारी संध्याकाळी मी आण्णांना सांगायची. "त्या कात्रप भागातल्या बाईंच्या लग्नात वाढप्याच्या हातून अख्खं आमटीचं पातेलं पडलं." आण्णा हसायचे. आईनंतर ते पहिल्यांदा हसले ते त्या आमटीला.

सहाशे बारा मिळाली बदलापूरला, या पावसाळ्याच्या आधी. मीनलताई म्हणून आहेत, माझ्याच वयाच्या. त्यांनी दिवाणातून कॅसेट काढली. वर सोनेरी अक्षरांत 'मीनल-गुरुदत्त'. मागे पांढऱ्या रंगात, अर्धवट खरवडलेलं, सहाशे बारा.

"मी एकदाही पाहिली नाही हो," मीनलताई म्हणाल्या. "आणली तेव्हा सासूबाईंना लाइट सहन व्हायचा नाही. नंतर मशीन मोडलं. नंतर..." त्यांनी जिन्याकडे पाहिलं. "ते आता वरच्या खोलीत असतात. जेवायला खाली येतात. तुम्ही बघा, आणि चांगलं काही दिसलं तर सांगा."

मी पाहिली. आण्णा दवाखान्यात पाय दाखवायला गेले होते ती दुपार. दोन तास एकोणीस मिनिटं मीनलताई हसत होत्या. इतकं हसणारी नवरी मी सदतीस लग्नांत दुसरी पाहिली नाही. मग मुंग्या. मग गेट.

आमचंच गेट. चिंचेचं झाड, पलीकडे पानाची टपरी. कामगार सुटतायत. हिरॉइन धावत येते. सायकल धरून एक माणूस उभा आहे. मी टीव्हीला नाक लावलं. उंच, घाऱ्या डोळ्यांचा, कुठला तरी नट. तो म्हणाला, "बाई, इथं त्या नावाचं कोणी नाही." छान म्हणाला. आण्णांपेक्षा छान.

त्याच्या हातातली सायकल आमची होती. पिवळं कव्हर, लाल कमळ, एक पाकळी उसवलेली. आई रात्री दिव्याखाली डोळे बारीक करून ते शिवत होती, ते मला आठवलं. मी मागे नेलं, पुन्हा पाहिलं. गर्दीतला एकेक चेहरा थांबवून पाहिला. चित्र थांबवलं की थरथरतं, त्यामुळे सगळेच रडवेले दिसत होते. आण्णा कुठेही नव्हते. लग्नानंतर अकरा मिनिटं सिनेमा होता. ती मी सहा वेळा पाहिली.

संध्याकाळी आण्णा आले. पाय धुतले, खिडकीशी बसले. "सापडली?" म्हणाले.

"नाही," मी म्हटलं.

मीनलताईंना पेनड्राइव्ह दिला आणि सांगितलं, तुम्ही खूप हसताय. त्या म्हणाल्या, "हो का? कशाला?" त्यांनी कॅसेट परत घेतली नाही.

तेव्हापासून हे तीन रविवार. लोकांचे फोन मी उचलायचे बंद केले. सकाळी पिशवी घेऊन निघायचं, वासूभाईंकडे चहा घ्यायचा, मग कुठे तरी बसून यायचं. एकदा अंबरनाथच्या देवळाच्या ओढ्याकाठी बसले, एकदा बदलापूरला नदीवर. वासूभाईंनाही मी सांगितलं नाही. त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "आण्णा काही बोलले?"

आज रिक्षातून उतरले तेव्हा ती बाई नवऱ्याला म्हणाली, "हुश्श." मीही मनात तेच म्हटलं. वर आले. आण्णा खिडकीशी.

"आज सुट्टी. मशिनी बंद," ते म्हणाले. "सापडली?"

"नाही."

नेहमी यावर ते 'हं' म्हणतात. आज म्हणाले, "पिशवी आण इकडं."

"वास येतोय, आण्णा. राहू दे."

"आण म्हणतो ना."

त्यांनी कॅसेटी काढून मांडीवर ठेवल्या. सोनेरी अक्षरांची वर घेतली, डोळ्यांजवळ नेली. "मीनल-गुरुदत्त. ही गेल्या रविवारी पण आली होती. त्याच्या आधीच्या पण."

"तुम्ही माझी पिशवी बघता?"

"दिवसभर खांब किती मोजणार?" त्यांनी कॅसेट उलटी केली, नंबरावरून अंगठा फिरवला. "पाहिलीस ना?"

मी चहाचं आधण ठेवायला वळले. पाणी घेतलं, गॅस पेटवला.

"मी नाही त्यात," आण्णा पाठीमागून म्हणाले. "सायकल आहे."

मी साखरेचा डबा काढला.

"वासूने दुकानात लावून दाखवली होती. सत्त्याऐंशी साली. मागे नेऊन नेऊन दोनदा. मला म्हणाला, भीमराव, सायकलने चांगलं काम केलं. तुझ्या आईला त्याच दिवशी सांगितलं. ती म्हणाली, पोरांना नका सांगू, पोरं शाळेत सांगून बसलीत."

"मग मला दोन वर्षं कशाला फिरवलंत?" माझा आवाज चढला. "सदतीस लग्नं बघितली मी, आण्णा! बुरशी पुसून पुसून बोटं गेली माझी!"

"तुझी आई गेली आणि तू कंपनीतून यायचीस ती भिंतीकडं तोंड करून झोपायचीस. रविवारी तर उठायचीच नाहीस. कॅसेट म्हटलं आणि तू केस धुवून बाहेर पडलीस. लोकांच्या घरी चहा पिऊन यायला लागलीस. आमटी सांडलेली मला सांगायला लागलीस." त्यांनी कॅसेट पुन्हा पिशवीत ठेवली, नीट, आडवी. "वासूला मीच फोन केला होता. म्हटलं, रजिस्टर घाईनं काढू नको."

पाण्याला उकळी आली. मी साखर टाकली, पत्ती टाकायची विसरले.

"सापडलं की संपलं, म्हणून तू पिशवी फिरवत बसलीस. कळत नाही का मला?" आण्णा म्हणाले. मग खिडकीकडे तोंड करून, "शीला, माझ्यामागे तू एकटी पडशील गं."

मी गॅस बंद केला.

"मागे नाही, आण्णा," मी म्हटलं. "मी आत्ताच एकटी आहे."