डाव्या पुडीची कणीक

रामनवमीच्या सप्त्यात पुंजारामबुवांचा मृदंग वाजणार नाही, ही गोष्ट आमच्या गावाला पचत नव्हती. मंठ्यापासून दोन कोसांवर आमचं गाव. गावात पक्की सडक नाही, दवाखाना नाही. पण काल्याच्या कीर्तनात बुवांची थाप पडणार म्हटलं की आसपासच्या तीन गावांची माणसं मांडवात येऊन बसायची. देव आधी मृदंगात येतो आणि मंग अभंगात, असं आमच्यातले जुने लोक म्हणत. मी टाळ धरून बुवांच्या शेजारी उभा राहत आलो, म्हणून मला ते खरंच वाटतं.

अठ्ठ्याहत्तर साली पौषात बुवांच्या छातीत कळ आली. बैलगाडीनं मंठा, तिथून जीपनं जालना. अठरा दिवस ते दवाखान्यात होते. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, की रामनवमीच्या आधी आठ दिवस येऊन दाखवायचं आणि तोवर मृदंगाला हात लावायचा नाही. बाकीच्या औषधांबरोबर एक पांढरी गोळी दिली, ॲस्पिरिनची. रोज सकाळी थोडं खाल्ल्यावर अर्धी गोळी पाण्यात विरघळवून घ्यायची.

मालनबाईंनी, म्हणजे बुवांच्या मंडळींनी, ती गोळी लगेच ओळखली. अशी गोळी तर किराणा दुकानातही मिळते, डोकं दुखल्यावर घेतात. यांचं डोकं तर कधीच दुखत नाही, असं त्यांनी डॉक्टरांना सांगूनही टाकलं. डॉक्टर हसले. म्हणाले, काळजाच्या नळीत रक्ताची गुठळी झाली होती, ती पुन्हा होऊ नये म्हणून ही गोळी. हिच्यानं रक्त जरा पातळ राहतं. मोठमोठ्या डॉक्टरांचा याच्यावर अजून अभ्यास चालू आहे, पक्का शब्द कुणी देत नाही, पण मी स्वतःच्या वडिलांना देतो. पोटात जळजळ झाली किंवा शौचाला काळं झालं तर मात्र त्याच दिवशी या.

मालनबाईंच्या ध्यानात दोनच शब्द राहिले, रक्त पातळ. आमच्याकडं रक्त पातळ झालं म्हणजे माणसातला जोर गेला. बाळंतिणीला डिंकाचे लाडू घालतात ते रक्त भरावं म्हणूनच. आणि इथं चांगला शिकलेला माणूस, मृदंग वाजवणाऱ्या हातातलं रक्त पातळ करायला निघालेला. तरी त्यांनी महिनाभर गोळी बराबर दिली.

मंग फाल्गुनात एक दिवस कडूबा न्हावी बुवांची दाढी करायला ओसरीवर आला. हनुवटीखाली वस्तरा जरासा लागला आणि रक्त थांबेना. तुरटी दोनदा फिरवली, तरी एक सुताचा पंचा लाल झाला. कडूबा घाबरला होता, पण त्याच्या जिभेला काही हाड नव्हतं.

"बुवा, तुमच्या अंगात रक्त हाय का वढ्याचं पाणी?"

बुवा हसले. दारात उभ्या मालनबाई हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून पेल्यातल्या पाण्यात गोळीच्या जागी चिमूटभर तांदळाचं पीठ पडायला लागलं आणि पेल्यासोबत एक डिंकाचा लाडू यायला लागला. अर्धी गोळी कागदात बांधून त्या देवळीत, समईच्या मागं ठेवत. रोज देवापुढं हात जोडून माफी मागत आणि रोज तेच करत.

बुवांना पहिल्याच दिवशी कळलं. गोळीचं पाणी आंबट लागायचं, हे सपक होतं. पण बुवांची एक रीत होती. चालू कीर्तनात टाळकऱ्याचा ठेका चुकला तर ते त्याच्याकडं बघतसुद्धा नसत. आरती झाली की बाजूला घेऊन सांगत. मलाही दोनदा सांगितलेलं. ही चूक करणारी तर चाळीस वर्षांची सोबतीण. नऊ दिवस त्यांनी पेला रिकामा केला, लाडू खाल्ला, आणि सांगायची जागा शोधत राहिले.

जालन्याला जायच्या आदल्या दिवशी त्यांनी मृदंग खाली काढला. मालनबाई धावत आल्या. वाजवत न्हाई, नुसती पुडी बघतो, असं म्हणत बुवांनी त्यांना गव्हाची कणीक मळायला सांगितली. मृदंगाच्या डाव्या पुडीला, म्हणजे डाव्या तोंडावरच्या कातड्याला, ओल्या कणकेचा गोळा लावतात, तेव्हा तिला घुमारा येतो. हे काम बुवा एरवी कुणाला करू देत नसत.

मालनबाईंनी पुरीला मळतात तशी घट्ट कणीक मळली. बुवांनी ती लावली आणि चार बोटं हलकी टेकवली. फळकुटावर वाजवल्यासारखा आवाज आला. त्यांनी आणखी पाणी घालायला सांगितलं. पाणी जास्त झालं, कणीक पुडीवरून ओघळली, आवाजही पसरला. तिसऱ्या खेपेला बराबर जमली. बोटं टेकली तसा असा काही हुंकार उठला, की गोठ्यातल्या गाईनं कान टवकारले.

"बघ, कणीक घट्ट झाली की पुडी मुकी होती," बुवा म्हणाले. "पार पाणी झाली तरी बिघडतंच. डॉक्टर माझ्या रक्ताचं पाणी न्हाई करून राह्यला. कणीक थोडी सैल करून राह्यलाय."

मालनबाईंचे हात कणकेत तसेच राहिले.

"नऊ दिवस झाले, पाणी आंबट लागंना," बुवा हळूच म्हणाले.

"तुमच्या हातातला जोर गेला असता मंग?" मालनबाई म्हणाल्या. "तुम्ही मृदंगाबिगर जगले असते का?"

"मला इचारायचं व्हतं की गं."

"तुम्ही म्हणले असते, पांडुरंग बघून घेईन."

बुवा खळखळून हसले, कारण ते अगदी हेच म्हणाले असते. मालनबाईंनी देवळीतल्या कागदात बांधलेल्या गोळ्या आणून पुढं ठेवल्या. बुवांची भाकरी खाऊन झालेलीच होती. त्यांनी एकच अर्धा तुकडा पाण्यात टाकला, घोट घेतला आणि मुद्दाम चिंच खाल्ल्यासारखं तोंड वाकडं केलं. तेव्हा कुठं त्या हसल्या.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारायच्या आत मालनबाईंनीच सगळं सांगून टाकलं. डॉक्टर रागावले नाहीत. वस्तरा लागला तर या गोळीनं रक्त थोडं जास्त वेळ वाहतं, ते दाबून धरायचं. मनात शंका आली तर गोळी लपवायची नाही, इथं येऊन विचारायचं, एवढं समजावलं. चुकलेल्या गोळ्या भरून काढायला जास्त घ्यायच्या नाहीत आणि लाडू बंद, हेही सांगितलं. मंग बुवांची छाती नळीनं बराच वेळ ऐकली, कागदावरचा आलेख बघितला आणि परवानगी दिली. फक्त काल्याचं कीर्तन, तेही बसून, आणि दम लागला की थांबायचं.

काल्याच्या दिवशी मांडव भरून माणसं बाहेर उन्हात उभी होती. बुवा घोंगडीवर मृदंग पुढ्यात घेऊन बसले. दमले तर पुढं वाजवायला त्यांचा जोडीदार रामकिसन मागं उभा होता. मालनबाई पहाटेपासून प्रसादाच्या चुलीवर, त्यामुळं आज गोळीचा पेला त्यांच्या हातून गेला नव्हता. बायकांच्या घोळक्यातून त्या मान उंचावून बुवांकडं बघत होत्या. मी शेजारी होतो, मला ती नजर दिसली.

बुवांनाही दिसली. त्यांनी कणीक चाचपली, त्यांच्याकडं वळून चिंच खाल्ल्यासारखं तोंड वाकडं केलं, आणि मालनबाईंनी तोंडाला पदर लावला तेवढ्यात थाप पडली.