डोळ्यांची जागा

मी टेम्पोचा फाळका बोलतोय. देवाशपथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे. सागाचं लाकूड खोटं बोलत नाही. म्हणजे मी तसा बाभळीचा, पण सागाचा म्हटलं की माणसं कान देतात.

१९९४ साली पिंपळगाव बसवंतच्या खंडेरावांनी नवा टेम्पो घेतला. मला मागे बसवलं आणि रंगवायला पुंजाकडे आणलं. पुंजा हायवेच्या कडेला गाड्यांचे नंबर रंगवायचा. पोटासाठी अक्षरं, स्वतःसाठी चेहरे. नाशिकच्या एका चित्रकाराने त्याला विचारलं होतं, "कुठं शिकलास?" तो म्हणाला, "कांद्याच्या लिलावात." भाव पुकारताना शेतकऱ्याचा जबडा कसा आवळतो, हमालाला हसू कुठून फुटतं, हे तो तासन् तास बघायचा आणि घरी भिंतीवर उतरवायचा.

त्याच आठवड्यात त्याची बायको साळूबाई सटाण्याला माहेरी निघून गेली होती. "भिंतभर गावाची तोंडं काढली, माझ्याकडं कधी बघितलं का?" एवढं विचारून ती उंबऱ्यात थांबली आणि म्हणाली, "जाते." आपल्याकडे रागावलेली बाईसुद्धा निघताना 'येते'च म्हणते. पुंजाच्या मनात तो शब्द कुसळासारखा रुतून बसला.

खंडेराव म्हणाले, "हसरी बाई काढ, नि खाली लिही, पुन्हा भेटू."

पुंजाने बाई काढली. कपाळ, हनुवटीवरचं गोंदण, पदर. डोळ्यांशी ब्रश अडला. अख्ख्या बाजाराचे डोळे त्याला पाठ होते, साळूबाईचे आठवेनात. तीन दिवस तो माझ्यासमोर नुसता बसून होता. शेवटी डोळ्यांची जागा कोरी ठेवली आणि खाली लिहिलं, 'येते'.

"अरे, गाडी जाती नि तू येते काय लिहितो?"

"राहू द्या, अण्णा. गाडी सटाण्याला जाते ना?"

"दर मंगळवारी. पण हिला डोळे?"

"जिचे हायेत तिला बघून काढीन."

पहिल्याच फेरीत भावडबारीच्या घाटात मागचा ट्रकवाला माझ्याकडे बघून घाट संपेपर्यंत रडत आला. अर्थात टेम्पोत कांदा होता, तेही कारण असेल.

तिसऱ्या मंगळवारी सटाण्याच्या बाजारात साळूबाईने मला पाहिलं. पदराने माझ्यावरची धूळ पुसली आणि हसली. "यांना माझे डोळे पण आठवना का?" कांद्याच्या गोण्यांवर बसून ती पिंपळगावला आली. पुंजाने तिला समोर बसवलं आणि बघून बघून डोळे काढले.

आता २००८ साल. टेम्पो भंगारात गेला. पुंजाने मला सोडवून घरी आणलं, भिंतीला टेकवलं. काम संपलं की तो ब्रश धुतो आणि माझ्यासमोर येऊन बसतो. केस पांढरे झालेत त्याचे. ब्रश कोरडा होतो, तो उठतो.

तुमच्या ध्यानात आलंच असेल. ती हसली, परत आली, डोळे निघाले, हे सगळं मी रचलं. धूळ पुसली तेवढं खरं. पुसून तिने कोऱ्या जागेवर दोन बोटं ठेवली, भाजीची पाटी उचलली आणि गेली. पुंजाला हे सांगायला मला तोंड कुठलं? तुम्ही कधी सटाण्याला गेलात, तर तिला म्हणावं, जागा अजून कोरी आहे.

जाताना तिच्या ओठांवर 'येते' आलं होतं. पण खंडेरावांनी तेव्हाच इंजिन चालू केलं. तो शब्द तिने नुसता वाचला की म्हटला, याची मात्र मी शपथ घेणार नाही.